जननद्रव्याची नोंदवही : जनुकपेढ्यांतील माहिती-व्यवस्था आणि सुरक्षिततेच्या संकल्पनेचा ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना :

विसाव्या शतकातील शेतीच्या इतिहासात हरितक्रांती, संकरित वाण, रासायनिक खते आणि सिंचन यांची चर्चा विपुल झाली आहे. त्या तुलनेत ज्या बियाण्यांच्या आधारावर ही सर्व वाटचाल झाली, त्यांच्या संग्रहांचा इतिहास उपेक्षित राहिला. या संग्रहांच्या नोंदींचा इतिहास तर त्याहूनही अधिक दुर्लक्षित आहे. वनस्पतींच्या वारशाने येणाऱ्या गुणधर्मांचे वहन करणारे बियाणे, कंद, कलम किंवा ऊती यांना शास्त्रीय परिभाषेत 'जननद्रव्य' म्हटले जाते. हे जननद्रव्य दीर्घकाळ जतन करणाऱ्या संस्था म्हणजे जनुकपेढ्या होत. पैशाच्या पेढीत ठेव आणि खातेवही यांचे जे नाते असते, तेच नाते जनुकपेढीत बियाणे आणि नोंद यांचे असते. खातेवही हरवली तर ठेव कोणाची आणि किती हे सांगता येत नाही. त्याचप्रमाणे नोंद हरवलेले बी संशोधनाच्या दृष्टीने केवळ धान्याचा दाणा ठरते.

याचे अत्यंत बोलके उदाहरण अफगाणिस्तानात घडले. युद्धकाळात तेथील शास्त्रज्ञांनी देशी पिकांचे नमुने गझनी आणि जलालाबाद येथील घरांत सुरक्षित ठेवले होते. २००२ साली उघडकीस आले की, लुटारूंनी हे नमुने ओतून टाकून ज्या बरण्यांत ते ठेवले होते त्या पळविल्या होत्या. बियाणे तेथेच विखुरलेले होते, परंतु कोणते बी कोठले व कोणत्या गुणांचे हे सांगणारी बरणी व तिच्यावरील चिठ्ठी गेल्यामुळे संग्रह म्हणून ते नष्ट झाले होते.

प्रस्तुत निबंधात जननद्रव्याच्या साठ्याची माहिती ठेवण्याच्या पद्धती कशा विकसित झाल्या, 'सुरक्षित' या शब्दाचा अर्थ काळानुसार कसा बदलत गेला आणि या बदलात शेतकऱ्याचे स्थान काय राहिले, या तीन प्रश्नांचा विचार केला आहे.

१. क्रमांकाचा जन्म :

जगाच्या विविध भागांतून वनस्पती आणून त्यांची लागवड करण्याची परंपरा जुनी आहे. वसाहतकाळातील वनस्पती-उद्यानांनी हे काम मोठ्या प्रमाणावर केले. मात्र बाहेरून आलेल्या प्रत्येक नमुन्याला स्वतंत्र व कायमस्वरूपी क्रमांक देण्याच्या पद्धतीचा ठळक आरंभ अमेरिकेच्या कृषी विभागात झाला. १८९८ साली डेव्हिड फेअरचाइल्ड यांच्या नेतृत्वाखाली तेथे बियाणे व वनस्पती आयातीचा स्वतंत्र विभाग सुरू झाला आणि 'पीआय' क्रमांकांची मालिका अस्तित्वात आली. या मालिकेतील पहिला क्रमांक रशियातून आलेल्या कोबीच्या वाणाला मिळाला. तेव्हापासून ही मालिका अखंड चालू आहे.

या साध्या वाटणाऱ्या क्रमांकाचे महत्त्व पुढे अर्धशतकाने सिद्ध झाले. १९४८ साली जॅक हार्लन यांनी तुर्कस्तानातून गव्हाचा एक नमुना आणला. त्याला पीआय १७८३८३ हा क्रमांक मिळाला. ताट बारीक, लोळणारे, थंडीत न टिकणारे आणि दाणा भाकरीसाठी निकृष्ट, अशा या गव्हाकडे सुमारे पंधरा वर्षे कोणी लक्ष दिले नाही. १९६० च्या दशकात अमेरिकेच्या वायव्य भागात गव्हावर पिवळ्या तांबेऱ्याची साथ आली, तेव्हा याच नमुन्यात त्या रोगाला तसेच काणीच्या अनेक प्रकारांना प्रतिकार करण्याची क्षमता आढळली. तेथील पुढील अनेक वाणांच्या पैदाशीत त्याचा उपयोग करण्यात आला. आज निरुपयोगी दिसणाऱ्या नमुन्याची नोंद पुसू नये, हा जनुकपेढीचा मूलभूत नियम अशा अनुभवांतून दृढ झाला.

२. लेनिनग्राड : संग्रहाचे भौतिक रक्षण :

जननद्रव्य संग्रहाला शास्त्रीय अधिष्ठान देण्याचे श्रेय रशियन शास्त्रज्ञ निकोलाय वाविलॉव्ह (१८८७-१९४३) यांच्याकडे जाते. लागवडीखालील पिकांची उगमकेंद्रे कोणती, हा त्यांचा मुख्य प्रश्न होता. त्यांचा या विषयावरील प्रबंध १९२६ साली प्रसिद्ध झाला. भारतीय उपखंडालाही त्यांनी अशा केंद्रांमध्ये स्थान दिले होते. या सिद्धांताचा एक परिणाम असा की, नमुना 'कोठून' आला ही माहिती केवळ कार्यालयीन सोय न राहता शास्त्रीय पुराव्याचा भाग बनली. गाव, उंची, जमीन, स्थानिक नाव आणि संकलनाची तारीख यांवाचून उगमकेंद्राचा विचारच करता येत नव्हता.

वाविलॉव्ह यांना ऑगस्ट १९४० मध्ये अटक झाली आणि २६ जानेवारी १९४३ रोजी सारातोव्हच्या तुरुंगात त्यांचा अंत झाला. त्याच काळात, सप्टेंबर १९४१ ते जानेवारी १९४४ या कालखंडात, लेनिनग्राडला जर्मन सैन्याचा वेढा पडला होता. संस्थेतील धान्य, शेंगा आणि बटाट्याचे नमुने सांभाळणारे अनेक कर्मचारी उपासमारीने मरण पावले. भाताच्या संग्रहाचे अभ्यासक दिमित्री इवानोव्ह त्यांपैकी एक होते. संग्रहाचा काही भाग उरल पर्वताच्या प्रदेशात हलविण्यात आला होता. तांदळाच्या पिशव्यांच्या सान्निध्यात भुकेने मरण पत्करणाऱ्या या शास्त्रज्ञांची कथा त्यागाची म्हणून सांगितली जाते व ते योग्यच आहे. परंतु इतिहासाच्या दृष्टीने त्यातून आणखी एक बाब स्पष्ट होते. या काळात सुरक्षिततेचा अर्थ इमारतीचे आणि वस्तूचे रक्षण असा होता. संग्रह एका ठिकाणी असे, त्याची माहिती त्याच इमारतीतील वह्यांत व काही तज्ज्ञांच्या स्मरणात असे. त्यामुळे माणूस गेला की माहितीही जाण्याचा धोका होता.

३. भारतातील आरंभ :

भारतात या कार्याची पायाभरणी दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेत झाली. १९४६ साली वनस्पतिशास्त्र विभागांतर्गत वनस्पती-प्रवेशाची योजना सुरू झाली आणि डॉ. हरभजन सिंग यांनी ती वाढविली. १९६१ मध्ये तिचे स्वतंत्र विभागात रूपांतर झाले. ऑगस्ट १९७६ मध्ये राष्ट्रीय पातळीवरील स्वतंत्र ब्युरोची स्थापना होऊन जानेवारी १९७७ पासून 'राष्ट्रीय वनस्पती आनुवंशिक संसाधन ब्युरो' हे नाव रूढ झाले. देशातील विविध हवामान विभागांत त्याची प्रादेशिक केंद्रे सुरू झाली. महाराष्ट्रातील केंद्र अकोला येथे आहे.

भारतीय पद्धतीत देशांतर्गत गोळा केलेल्या नमुन्यांना 'आयसी' आणि परदेशातून आलेल्या नमुन्यांना 'ईसी' अशी दोन स्वतंत्र मालिकांतील क्रमांकरचना आहे. या दोन अक्षरांतच नमुन्याच्या उगमाचा पहिला निर्देश सामावलेला आहे. १९९६ मध्ये दिल्लीत राष्ट्रीय जनुकपेढीची नवी वास्तू राष्ट्राला अर्पण झाली. उणे १८ अंश सेल्सिअस तापमानात तेथे दीर्घकालीन साठवण केली जाते. आज तेथील नमुन्यांची संख्या साडेचार लाखांच्या वर आहे. २०२५-२६ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात दहा लाख जननद्रव्य नमुन्यांच्या क्षमतेची दुसरी जनुकपेढी उभारण्याची घोषणा झाली. संख्या या पातळीवर पोहोचल्यावर हस्तलिखित नोंदवही अपुरी पडणे स्वाभाविक होते.

४. वहीतून संगणकाकडे :

१९७० च्या दशकाच्या आरंभी जननद्रव्याच्या ऱ्हासाची जाणीव जगभर वाढली. अधिक उत्पादन देणारे मोजके वाण सर्वत्र पसरत असताना हजारो स्थानिक वाण शेतातून नाहीसे होत होते. १९७४ साली रोम येथे आंतरराष्ट्रीय वनस्पती आनुवंशिक संसाधन मंडळाची स्थापना झाली. या मंडळाचे संकलनकार्य सुपरिचित आहे. परंतु त्याचे दूरगामी कार्य परिभाषेचे होते. एका देशात 'उंच' म्हटलेले ताट दुसऱ्या देशात 'मध्यम' ठरत असेल, तर दोन संग्रहांची तुलना अशक्य होते. म्हणून प्रत्येक पिकासाठी वर्णनघटकांच्या प्रमाणित याद्या तयार करण्यात आल्या. भातासाठीची अशी यादी १९८० साली फिलिपाइन्समधील आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेच्या सहकार्याने प्रसिद्ध झाली. १९९७ मध्ये सर्व पिकांना लागू होणाऱ्या ओळखविषयक घटकांची सामाईक यादी आली व नंतर तिच्या सुधारित आवृत्त्या निघाल्या.

या यादीतील माहितीला 'पासपोर्ट माहिती' असे नाव मिळाले. प्रवाशाच्या पारपत्राप्रमाणे नमुना कोण, कोठला आणि कोणामार्फत आला हे त्यात नमूद असते. त्यापुढील थर गुणवर्णनाचा, त्यानंतरचा मूल्यमापनाचा, आणि अखेरचा व्यवस्थापनाचा असतो. व्यवस्थापनाच्या थरात साठा किती, उगवणशक्ती किती, पुन्हा पेरून बी केव्हा वाढविले आणि कोणाला किती दिले याची नोंद येते. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने २०१४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मानकांनुसार उगवणशक्ती मूळच्या ८५ टक्क्यांखाली जाताच नमुन्याचे पुनरुत्पादन करणे अपेक्षित आहे. उगवण चाचणीच्या तारखा चुकल्या, तर शीतगृह चालू असूनही आतील बी हळूहळू मृत होत जाते आणि यादीत मात्र ते जिवंत असते. म्हणूनच नोंदीची अचूकता हा सुरक्षिततेचा दुसरा अर्थ ठरला.

भाताच्या इतिहासातील एक घटना या दृष्टीने उल्लेखनीय आहे. १९७० च्या सुमारास भातावरील खुजा-झुपका विषाणूला प्रतिकार करणारे जननद्रव्य शोधण्यासाठी फिलिपाइन्समधील संस्थेत ६७२३ नमुने तपासण्यात आले. त्यांपैकी केवळ एका जंगली भाताच्या नमुन्यात, तोही उत्तर प्रदेशातून आलेल्या, हा गुण आढळला. त्या नमुन्याचा क्रमांक १०१५०८ असा होता. त्यातही काही मोजकीच रोपे प्रतिकारक्षम होती. हाच गुण पुढे १९७६ साली प्रसारित झालेल्या आयआर ३६ या वाणात आणि त्यानंतरच्या वाणांत उतरविण्यात आला. हजारोंतील तो एक नमुना क्रमांकाने पुन्हा शोधता आला नसता, तर ही तपासणी व्यर्थ गेली असती.

संगणकाचा उपयोग प्रथम विद्यापीठांतील मोठ्या यंत्रांवर झाला. १९८० च्या दशकात अमेरिकेत जननद्रव्य संसाधनांचे राष्ट्रीय माहितीजाल उभे राहिले. २०११ पासून त्याचीच नवी आवृत्ती 'ग्रिन-ग्लोबल' या नावाने इतर देशांच्या जनुकपेढ्यांनाही विनामूल्य उपलब्ध झाली. अनेक संस्थांची पासपोर्ट माहिती एकत्र शोधता यावी यासाठी 'जेनेसिस' हे सामाईक दालन तयार झाले. संग्रहांतील पुनरावृत्तीचा प्रश्नही या एकत्रीकरणातून ऐरणीवर आला. अन्न व कृषी संघटनेच्या २०१० च्या अहवालानुसार जगभरातील जनुकपेढ्यांत सुमारे ७४ लाख नमुने होते, परंतु त्यांतील खरोखर वेगळे नमुने २५ ते ३० टक्केच असावेत असा अंदाज होता. एकच वाण निरनिराळ्या क्रमांकांनी निरनिराळ्या पेढ्यांत राहत असल्याने खर्च वाढतो आणि विविधतेचे चित्र फसवे ठरते. २०१७ पासून नमुन्यांना जागतिक पातळीवरील स्थायी अंकीय ओळख देण्याची व्यवस्था सुरू झाली, ती याच अडचणीवरील उपाय म्हणून.

५. अलेप्पो आणि स्वालबार्ड : दुहेरी जतनाची कसोटी :

२६ फेब्रुवारी २००८ रोजी नॉर्वेच्या स्वालबार्ड द्वीपसमूहात जागतिक बियाणे कोठाराचे उद्घाटन झाले. येथे ठेव ठेवणाऱ्या संस्थेचा ठेवीवरील हक्क कायम राहतो. पेटी उघडण्याचा अधिकार इतरांना नसतो. मात्र कोणत्या पेटीत काय आहे याची यादी सर्वांना पाहता येते. वस्तू बंद आणि माहिती खुली, अशी ही रचना आहे.

तिची कसोटी लवकरच लागली. सिरियातील अलेप्पोजवळ कोरडवाहू शेतीच्या आंतरराष्ट्रीय संशोधन केंद्राची मोठी जनुकपेढी होती. गहू, जव, मसूर, हरभरा यांचे पश्चिम आशियातील मोलाचे नमुने तेथे होते. यादवी युद्धामुळे २०१२ मध्ये केंद्राचा कारभार तेथून हलवावा लागला. तोपर्यंत संग्रहाच्या मोठ्या भागाच्या प्रती स्वालबार्डला पोहोचल्या होत्या. २०१५ मध्ये केंद्राने त्या परत मागविल्या. कोठाराच्या इतिहासातील ती पहिली उचल होती. लेबनॉन आणि मोरोक्को येथे बी पेरून संग्रह पुन्हा वाढविण्यात आला आणि २०१७ पासून नव्या प्रती स्वालबार्डला परत जाऊ लागल्या.

लेनिनग्राड आणि अलेप्पो यांची तुलना केली असता सात दशकांतील अंतर लक्षात येते. पहिल्या ठिकाणी माणसांनी प्राण देऊन वस्तू राखली. दुसऱ्या ठिकाणी वस्तूची प्रत आणि नोंदीची प्रत आधीच अन्यत्र असल्याने संग्रह पुन्हा उभा करता आला. अर्थात हे यश तंत्रज्ञानाचे तितकेच पूर्वनियोजनाचे आहे. पेट्या अगोदर पाठविल्या नसत्या, तर संगणकातील यादी ही गमावलेल्या वस्तूंची यादी ठरली असती.

६. सुरक्षिततेचा तिसरा अर्थ : हक्क :

१९९२ च्या जैवविविधता कराराने जननद्रव्यावर त्या त्या राष्ट्राचे सार्वभौमत्व मान्य केले. तोपर्यंत जननद्रव्य हा मानवजातीचा सामाईक वारसा मानला जात होता. या बदलाने नोंदवहीचे स्वरूपच पालटले. आतापर्यंत शास्त्रीय असलेली नोंद आता कायदेशीर पुरावा बनली. हळदीच्या जखम भरून काढणाऱ्या गुणावर अमेरिकेत दिलेले पेटंट भारताच्या वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेने आव्हान दिल्यानंतर १९९७ मध्ये रद्द झाले, ते लिखित पुराव्यांच्या बळावर. जे ज्ञान केवळ मुखपरंपरेने चालत आले होते, ते अशा वादात दुबळे ठरत होते. त्यातूनच पारंपरिक ज्ञानाचे अंकीय ग्रंथालय उभारण्यात आले. त्याचा वापर प्रारंभी गोपनीयतेच्या करारानुसार पेटंट कार्यालयांपुरता मर्यादित होता. २०२२ मध्ये केंद्र सरकारने तो इतर वापरकर्त्यांसाठी खुला करण्यास मंजुरी दिली. नोंद उघड केली तर तिचा गैरवापर होण्याची भीती, आणि बंद ठेवली तर तिचा उपयोग न होण्याची भीती, हा पेच येथे स्पष्ट दिसतो.

रायपूरचे प्रकरण या पेचाचे भारतीय शेतीतील प्रातिनिधिक उदाहरण होय. भातशास्त्रज्ञ डॉ. आर. एच. रिछारिया यांनी १९७० च्या दशकात छत्तीसगड व मध्य प्रदेशातील खेड्यांतून भाताचे १९ हजारांहून अधिक नमुने जमविले. हा संग्रह पुढे रायपूरच्या इंदिरा गांधी कृषी विद्यापीठाकडे आला. २००२ मध्ये या विद्यापीठाने सिंजेंटा या बहुराष्ट्रीय कंपनीशी सहकार्याची बोलणी केल्याचे उघड होताच शेतकरी संघटना व कार्यकर्त्यांनी तीव्र विरोध केला आणि त्याच वर्षाच्या अखेरीस कंपनीने माघार घेतली. वादाचा मूळ मुद्दा बियाणे शीतगृहात सुरक्षित आहे की नाही हा नव्हताच. ज्यांच्या शेतातून ते आले, त्यांना न विचारता ते कोणाला देता येते काय, हा खरा प्रश्न होता.

याच सुमारास देशात दोन महत्त्वाचे कायदे झाले. २००१ च्या वनस्पती वाण व शेतकरी हक्क संरक्षण कायद्यानुसार नव्या वाणाच्या नोंदणीसाठी अर्ज करणाऱ्याने पालक वाणांची पासपोर्ट माहिती, ते भारतात कोठून घेतले ते ठिकाण आणि त्यातील शेतकरी वा ग्रामसमूहाचे योगदान नमूद करणे आवश्यक आहे. जनुकपेढीच्या परिभाषेतील शब्द अशा रीतीने कायद्याच्या कलमात आला. २००२ च्या जैविक विविधता कायद्याने स्थानिक समित्यांवर लोकजैवविविधता नोंदवहीची जबाबदारी टाकली. या नोंदवहीच्या कल्पनेला डॉ. माधव गाडगीळ यांच्या कार्यातून आकार मिळाला होता. आंतरराष्ट्रीय पातळीवर अन्न व शेतीसाठीच्या वनस्पती जननद्रव्याचा करार २००१ मध्ये संमत होऊन २००४ पासून अमलात आला. करार झाला त्या वेळी ६४ पिके व चारावर्गीय गट त्याच्या सामाईक देवघेवीच्या यादीत होते.

महाराष्ट्रात ही प्रक्रिया दोन दिशांनी झाली. अहिल्यानगर जिल्ह्यातील अकोले तालुक्याच्या कोंभाळणे गावी राहीबाई पोपेरे यांनी देशी वाणांची बीजबँक उभारली. २०२० मध्ये त्यांना पद्मश्री जाहीर झाली. शासकीय पातळीवर एप्रिल २०२२ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने महाराष्ट्र जनुक कोश प्रकल्पाला १७२ कोटी ३९ लाख रुपयांच्या तरतुदीसह मान्यता दिली. पहिल्या प्रकारात बियाणे दरवर्षी पेरले जाते आणि माहिती पेरणाऱ्याजवळ राहते. दुसऱ्यात ती संस्थेच्या व्यवस्थेत नोंदविली जाते. या दोहोंना जोडणारा दुवा निर्माण करणे हे पुढील कार्य आहे.

७. बियाण्यापासून अलग झालेली माहिती :

जनुकक्रम वाचण्याचे तंत्र स्वस्त झाल्यापासून आणखी एक प्रश्न उभा राहिला आहे. नमुना शीतगृहातून बाहेर न पडताही त्याचा जनुकक्रम संगणकावरून जगात कोठेही जाऊ शकतो. बियाण्याच्या देवघेवीचे करार वस्तूवर आधारलेले असल्याने अशा वापराचा लाभ मूळ प्रदेशाला मिळेलच असे नाही. डिसेंबर २०२२ मध्ये जैवविविधता कराराच्या सदस्य राष्ट्रांनी अंकीय जनुकक्रम माहितीच्या लाभवाटपासाठी बहुपक्षीय व्यवस्था करण्याचा निर्णय घेतला आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये त्यासाठी 'काली निधी' सुरू झाला. ज्या नोंदीचे काम वस्तूची ओळख पटविणे हे होते, ती नोंद आता स्वतःच मौल्यवान वस्तू बनली आहे. त्यामुळे कोणत्या स्तरावरील माहिती कोणी पाहावी, बदल कोणी व केव्हा केला याचा माग कसा ठेवावा आणि प्रत कोठे ठेवावी, हे प्रश्न आता संगणक विभागापुरते मर्यादित राहिलेले नाहीत. ते धोरणाचे प्रश्न झाले आहेत.

निष्कर्ष :

१) जननद्रव्याच्या माहिती-व्यवस्थेत सुरक्षिततेचे तीन अर्थ क्रमाने विकसित झाले : नाशापासून रक्षण, गोंधळापासून रक्षण आणि अपहारापासून रक्षण. नवा अर्थ आल्याने जुना कालबाह्य झाला नाही. उत्तम व्यवस्थेला तिन्ही सांभाळावे लागतात.

२) या तीन अर्थांत परस्परविरोध आहे. नाशापासून वाचण्यासाठी प्रती अनेक ठिकाणी हव्यात आणि गोंधळ टाळण्यासाठी माहिती खुली व तुलनीय हवी. अपहार रोखण्यासाठी मात्र तिच्यावर मर्यादा हवी. स्वालबार्डची 'बंद पेटी, खुली यादी' ही रचना आणि पारंपरिक ज्ञानाच्या ग्रंथालयाचा मर्यादित वापर, ही या विरोधावरील दोन निरनिराळी उत्तरे आहेत.

३) तंत्रज्ञानाने साठा, तापमान, उगवणशक्ती आणि वितरण यांच्या नोंदी अधिक अचूक केल्या. परंतु पीआय १७८३८३ च्या इतिहासात हार्लन यांचे नाव येते, ज्याच्या शेतात तो गहू पिढ्यान्‌पिढ्या टिकला त्या तुर्की शेतकऱ्याचे नाव येत नाही. नोंदवहीतील हा रकाना प्रारंभापासून दुबळा राहिला आहे.

४) भारतीय कायद्याने हा रकाना भरण्याची तरतूद केली आहे. महाविद्यालये, कृषी विद्यापीठे व स्थानिक जैवविविधता समित्या यांनी संकलनाच्या वेळीच गाव, वाणाचे स्थानिक नाव, ते जपणाऱ्याचे नाव आणि त्याची संमती नोंदविली, तरच ही तरतूद प्रत्यक्षात येईल. नंतर ही माहिती मिळविणे बहुधा अशक्य असते, कारण वाण शेतातून जातो तेव्हा त्याची आठवण सांगणारी पिढीही सोबत जात असते.